खिशांतला कॅमेरा

गेल्या वैशाखांत माझी नात सुटीसाठीं आमच्या गांवीं आली होती. पुण्यास कॉलेजांत शिकणारी मुलगी. परंतु माळ्यावरच्या जुन्या सामानांत हात घालण्याची तिला भारी हौस. एके दुपारीं तिनें एक लोखंडी ट्रंक खालीं ओढून आणली, आणि तींतून कातडी म्यानांत बसविलेला एक लहानसा कॅमेरा काढून माझ्यापुढें ठेवला. "आजोबा, हा चालतो का? यांत फिल्म कशी घालायची तें मला शिकवा ना." अडतीस वर्षें मीं शाळामास्तरकी केली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें, हें माझ्या अंगवळणीं पडलेलें आहे. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास मला दोन दिवस लागले. कां लागले, तें मी ओघानें सांगणारच आहें. परंतु तत्पूर्वीं ही एवढीशी पेटी माणसाच्या खिशांत आली कशी, ती हकीकत ऐकावी. ती मजेची आहे.

ज्याच्या त्याच्या हातांत आज टेलिफोन आहे आणि त्या टेलिफोनांतच कॅमेरा आहे. असें असतां फिल्म घालावयाचे जुने छोटे कॅमेरे तरुण मंडळी पुन्हां हुडकून काढीत आहेत. २०२४ सालीं तर पेंटॅक्स कंपनीनें फिल्मचा एक अगदीं नवा छोटा कॅमेरा बाजारांत आणला, आणि त्याच वर्षीं रोलाय ३५ ह्या प्रसिद्ध यंत्राचा नवा अवतारहि निघाला. मला प्रथम ही केवळ लहर वाटली. नातीला विचारलें तेव्हां ती म्हणाली, "फोनमध्यें दहा हजार फोटो आहेत, आजोबा. मी एकहि पाहत नाहीं." त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

आपल्याकडे छायाचित्रणाची कला आली ती कांहीं खिशांतून आली नाहीं. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली; हिंदुस्थानांतील अशा प्रकारची ती पहिलीच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेंतील एक हौशी छायाचित्रकार. त्या काळीं कांचेवर कोलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरून ती कांच रुप्याच्या क्षारांत बुडवीत, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालीत आणि ओली असतांनाच धूत. कांच वाळली कीं काम फसलें. म्हणजे एखाद्या लेण्याचें चित्र घ्यावयाचें असेल तर कॅमेरा, तिपाई, कांचा, औषधांच्या बाटल्या आणि अंधारकोठडीचा तंबू, एवढें सारें लटांबर बैलगाडींत घालून डोंगराच्या पायथ्याशीं न्यावें लागे. तेथून पुढें हमालांच्या डोक्यावर.

हें ओझें असह्य झालें तें अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवच्या एका बँकेंतील कारकुनाला. जॉर्ज ईस्टमन त्याचें नांव. सांतो दोमिंगोच्या प्रवासास जावयाचें म्हणून त्यानें हें सर्व साहित्य विकत घेतलें, आणि प्रवास तर राहिलाच, पण त्या साहित्याच्या ओझ्यानें त्याला पुढील आयुष्याचें काम लावून दिलें. १८८८ सालीं त्यानें 'कोडॅक' नांवाची पेटी काढली. कोडॅक ह्या शब्दाला अर्थ कांहीं नाहीं. तो त्यानें बनविलेला शब्द आहे. किंमत २५ डॉलर. आंत शंभर चित्रांची गुंडाळी कारखान्यांतूनच भरलेली. शंभर चित्रें घेऊन झालीं कीं आख्खा कॅमेराच टपालानें रॉचेस्टरला पाठवावयाचा. तेथें चित्रें धुवून, छापून, नवी गुंडाळी भरून तो परत येई. त्याबद्दल १० डॉलर पडत. चित्रें वाटोळीं येत, ताटलीसारखीं. पुढें १९०० सालीं एक डॉलरचा 'ब्राउनी' कॅमेरा निघाला आणि शाळकरी पोरांच्या हातींहि ही कला गेली.

परंतु पेटी ती पेटीच. खरा खिशांत मावणारा म्हणावा असा लोकप्रिय कॅमेरा १९१२ सालचा, 'व्हेस्ट पॉकेट कोडॅक'. हा भात्यासारखा मिटत असे, आणि मिटला कीं त्याची जाडी इंचभर राही. १९१४ सालचें महायुद्ध सुरू झालें तेव्हां बंदीचे हुकूम निघूनहि अनेक शिपायांनीं तो आपल्या कोटांत लपवून खंदकांत नेला. ह्याच जातीचा एक कॅमेरा जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन ह्यांनीं १९२४ सालीं एव्हरेस्टवर नेला होता असें मानतात. दोघेहि परत आले नाहींत. ते शिखरावर पोंचले होते कीं नाहीं, ह्याचें उत्तर त्या कॅमेऱ्यांतील फिल्मवर असेल अशी आशा अजून कांहीं लोक बाळगून आहेत. मॅलरीचा देह १९९९ सालीं सांपडला, २०२४ सालीं आयर्विनच्या पायाचा अवशेष बुटासह सांपडला. कॅमेरा मात्र सांपडला नाहीं. न धुतलेली फिल्म म्हणजे काय चीज आहे, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें ह्या गोष्टीचा विचार करावा.

आतां ज्या मनुष्यावांचून माझ्या नातीच्या हातांतला कॅमेरा जन्मासच आला नसता, त्याच्याकडे वळतों. त्याचें नांव ऑस्कर बार्नाक. जन्म १८७९ सालीं, जर्मनींतील ब्रांडेनबुर्ग प्रांतांत, लिनो नांवाच्या खेड्यांत. धंदा सूक्ष्म यंत्रांच्या कारागिराचा. येना येथें झाइसच्या कारखान्यांत कांहीं वर्षें काढल्यावर १९११ च्या आरंभीं तो वेट्झलार गांवीं लाइट्झ यांच्या कारखान्यांत दाखल झाला. लाइट्झचा लौकिक सूक्ष्मदर्शक यंत्रांबद्दल होता. कॅमेऱ्यांशीं त्यांचा फारसा संबंध नव्हता.

बार्नाकला दोन गोष्टी जडलेल्या होत्या. एक, रानावनांत भटकून छायाचित्रें घेण्याचा नाद. आणि दुसरी, दमा. १३ × १८ सेंटिमीटरच्या कांचा घेणारा कॅमेरा आणि कांचांच्या जड चौकटी पाठीवर टाकून ठुरिंगियाच्या जंगलांतले चढ चढतांना त्याला धाप लागे. त्यानें आधीं एक साधी युक्ति करून पाहिली: एकाच मोठ्या कांचेवर पंधरावीस लहान लहान चित्रें घ्यावयाचीं व मागाहून तीं वाढवावयाचीं. ती फसली. कांचेवरील मसाल्याचे कण इतके भरड होते कीं चित्र वाढवितांच त्याची रवाळ पेज होई. परंतु विचार मनांतून गेला नाहीं: निगेटिव्ह लहान असावी आणि चित्र मोठें व्हावें.

लाइट्झच्या कारखान्यांत त्याच्याकडे चलच्चित्रांच्या कॅमेऱ्याचें काम आलें, आणि तेथें त्याला बारीक कणांची, लांबच लांब, दोन्ही कडांना भोकें पाडलेली सिनेमाची पट्टी मिळाली. ही पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. ती तेवढीच रुंद कां, तर एडिसनच्या प्रयोगशाळेंतील डिक्सन ह्या सहायकानें ईस्टमनच्या ७० मिलिमीटरच्या फिल्मचे मधोमध दोन भाग केले म्हणून. सिनेमांत ही पट्टी उभी धांवते, आणि प्रत्येक चित्र १८ × २४ मिलिमीटरचें, म्हणजे चार भोकांच्या उंचीचें असतें. बार्नाकनें पट्टी आडवी धांवविली आणि दोन चित्रांची जागा एकाच चित्राला दिली. झालें २४ × ३६ मिलिमीटरचें चित्र, आठ भोकांचें. आज शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, फिल्म जाऊन वीज आली, तरी उत्तम कॅमेऱ्यांच्या आंतील चौकट अजून तीच २४ × ३६ ची आहे. एका दमेकऱ्यानें सिनेमाच्या पट्टीवर आंखलेलें हें माप सर्व जगानें निमूटपणें मान्य केलें, ह्याची मला मोठी मौज वाटते.

१९१४ च्या सुमारास त्याचा पहिला नमुना तयार झाला. धातूचा, कडांना गोलाई दिलेला, तळहाताएवढा. वजन सुमारें ४०० ग्रॅम. वापरावयाचा नसेल तेव्हां भिंगाची नळी आंत ढकलून ठेवावयाची. कारखान्यांत त्याला 'लिलिपुट' म्हणत. ह्या यंत्रांतील खरी अक्कल मला कशांत दिसते म्हणाल, तर ती एका चाकांत. चाक फिरविलें कीं फिल्म एक घर पुढें सरके आणि त्याच वेळीं शटरची कळहि ताणली जाई. एकाच चित्रावर दुसरें चित्र चढविण्याची चूक नवख्याच्या हातून सदा होते. ती चूक करावयास ह्या चाकानें जागाच ठेवली नाहीं. दोष एकच राहिला. कळ ताणतांना शटरच्या पडद्याची फट उघडी राही, म्हणून तेवढ्या वेळेपुरतें भिंगाला झांकण घालावें लागे. १९२० सालीं लान नदीला पूर येऊन वेट्झलारच्या रस्त्यांवर पाणी चढलें, तेव्हां बार्नाक हाच कॅमेरा घेऊन हिंडला. तिपाई नाहीं, काळा पडदा नाहीं. तीं चित्रें आजहि पाहावयास मिळतात.

पण कारखाना म्हणजे कांहीं एका कारागिराची हौस नव्हे. मध्यंतरीं महायुद्ध झालें. मग १९२३ सालीं जर्मनींत चलनाची अशी धूळदाण उडाली कीं पावाच्या एका लादीसाठीं नोटांची चळत मोजावी लागे. त्याच सुमारास लाइट्झनें सुमारें पंचवीस कॅमेरे चांचणीदाखल बनवून जाणत्यांच्या हातीं दिले. मतें भिन्न पडलीं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या निगेटिव्हवर चित्र घ्यावयाचें, हा पुष्कळांना पोरखेळ वाटला. धंदा मंदावलेला, कामगारांना काम पुरेना, आणि त्यांत हें नवें साहस. १९२४ च्या जूनमध्यें कारखान्याचा मालक धाकटा अर्न्स्ट लाइट्झ ह्यानें सर्वांचें बोलणें ऐकून घेतलें आणि धोका पत्करावयाचा, असा निर्णय दिला. १९२५ च्या वसंतांत लाइपझिगच्या जत्रेंत तो कॅमेरा लोकांपुढें आला. लाइट्झ आणि कॅमेरा ह्या दोन शब्दांचीं तोंडें जोडून त्याचें नांव ठेवलें 'लायका'. त्याचें भिंग रेखिलें माक्स बेरेक ह्या गणितज्ञानें. त्याची कीर्ति बार्नाकच्या मानानें थोडी झाली, तरी त्याचा वांटा थोडा नव्हे. लहान निगेटिव्ह वाढवावयाची तर ती मुळांत धारदार हवी, आणि ती धार भिंगाची.

बार्नाक १९३६ सालीं वारला. त्या चांचणीच्या पंचविसांपैकीं १०५ क्रमांकाचा कॅमेरा त्याच्या स्वतःच्या वापरांतला होता. त्यावर त्याचें नांव कोरलेलें आहे. २०२२ सालीं वेट्झलार येथील लिलावांत त्याला १ कोटी ४४ लक्ष युरो किंमत आली. चढावर धाप लागते म्हणून ज्यानें तो केला, त्याच्या कानीं हा आंकडा घातला असता तर त्याची धाप पुन्हां उसळली असती.

एक अडचण मात्र उरली होती. प्रारंभीं ही फिल्म अंधाऱ्या खोलींत कापून डबींत भरावी लागे. १९३४ सालीं कोडॅकच्या जर्मन शाखेनें रेटिना नांवाच्या कॅमेऱ्याबरोबर फिल्म भरलेली तयार डबी विकावयास आरंभ केला. ही डबी उजेडांत कॅमेऱ्यांत घालतां येई. माझी नात आज जी डबी विकत आणते ती हीच, नव्वद वर्षांपूर्वींची.

लहान कॅमेऱ्यामुळें चित्रांचा स्वभावच पालटला. मोठ्या कॅमेऱ्यापुढें माणूस ताठ होतो. लहान कॅमेरा त्याच्या लक्षांतच येत नाहीं. फ्रान्समधील आन्री कार्तिए-ब्रेसाँ हा तर आपल्या लायकाचे चकचकीत भाग काळे करून टाकी, म्हणजे कोणाचें तिकडे ध्यान जाऊं नये. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत तो महात्माजींना भेटला होता. त्याच सायंकाळीं महात्माजींची हत्या झाली, आणि पुढच्या दिवसांतील दिल्ली त्याच्या चित्रांत राहिली. आमच्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत महात्माजींचे चुलत नातू कनु गांधी ह्यांनीं वर्षानुवर्षें चित्रें घेतलीं. त्यांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा कांहीं खिशांतला नव्हता, परंतु महात्माजींनीं घातलेल्या तीन अटी कोणत्याहि नवशिक्यानें पाठ कराव्या अशा आहेत: झगझगीत दिवा लावावयाचा नाहीं, अमुक रीतीनें बसा असें सांगावयाचें नाहीं, आणि आश्रमाचा पैसा खर्चावयाचा नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या जपानी लोकांनीं उचलली. ऑलिंपस कंपनींत योशिहिसा मैतानी नांवाचा तरुण इंजिनियर होता. सहा हजार येनांत विकतां येईल असा चांगला कॅमेरा करावयाचा, असें त्याच्यापुढें उद्दिष्ट होतें. त्याचा 'पेन' कॅमेरा १९५९ सालीं निघाला. हा बार्नाकच्या एका घराचीं पुन्हां दोन घरें करी, त्यामुळें छत्तीसांच्या फिल्मवर बहात्तर चित्रें येत. १९६६ सालीं हाइन्झ वास्के ह्या जर्मन कारागिराचा रोलाय ३५ आला. सिगारेटच्या पाकिटाहून फार मोठा नसलेला, आणि तरीहि पूर्ण २४ × ३६ चें चित्र देणारा. मग १९७७ सालीं कोनिकाच्या कॅमेऱ्यानें अंतरहि स्वतःच मोजावयास आरंभ केला, आणि तेव्हांपासून माणसाला विचार करावयाचें फारसें उरलें नाहीं. त्यापुढील यंत्रांविषयीं बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नाहीं.

ट्रंकेंतून निघालेला आमचा कॅमेरा ह्या दोहोंच्या मधला. ऑलिंपस ट्रिप ३५, मूळ अवतार १९६७ सालचा. सफरीला जाणाऱ्यासाठीं म्हणून 'ट्रिप'. माझे मेहुणे आगबोटीवर नोकरीला होते, त्यांनीं १९८४ सालीं तो मला आणून दिला. ह्याला बॅटरी लागत नाहीं. भिंगाच्या भोंवतीं बारीक मण्यांचें कांचेचें कडें आहे. त्यामागें सेलेनियम हें मूलद्रव्य बसविलेलें असतें. सेलेनियमवर उजेड पडला कीं त्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते, ती कांटा हलविते, आणि कांटा जेथें असेल त्यावरून भिंगाचें छिद्र किती उघडावें तें ठरतें. उजेड फारच कमी असेल तर दर्शकांत एक तांबडी जीभ वर येते आणि बटण दाबलेंच जात नाहीं. कॅमेरा नकार देतो! हें मला प्रथम फार आवडलें होतें. अंतरासाठीं भिंगाच्या कड्यावर चार चिन्हें: एक डोकें म्हणजे एक मीटर, दोन माणसें म्हणजे दीड, तिघांचा घोळका म्हणजे तीन मीटर, आणि डोंगर म्हणजे पलीकडचें सर्व.

त्या दिवाळींत पाडव्याच्या दिवशीं सकाळीं मीं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अंगणांत उभें केलें. आबा शेतकरी माणूस. बहात्तर वर्षांच्या आयुष्यांत मुद्दाम असा त्यांचा एकहि फोटो निघालेला नव्हता. त्या दिवशीं मात्र त्यांनीं स्वतः होऊन फेटा बांधला, सर्जाच्या शिंगांना गेरू लावला, आणि त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभे राहिले. मग आईबरोबर, मग माझ्या लहान मुलीला कडेवर घेऊन, मग नांगरापाशीं. मीं छत्तीस वेळां बटण दाबलें. ओसरीच्या अंधारांत तांबडी जीभ आली तेव्हां त्यांना बाहेर यावयास सांगितलें, तर म्हणाले, "हे यंत्र तुझ्यापरीस शहाणं दिसतंय."

साताऱ्यास फोटोवाल्याकडे डबी दिली. दोन दिवसांनीं त्यानें पट्टी उजेडासमोर धरून दाखविली. ती आरपार स्वच्छ होती. "गुरुजी, फिल्म आंत सरकलीच नाहीं. शेपूट अडकली नव्हती." त्यानें पैसे घेतले नाहींत.

चूक कशी झाली, तें सांगतों, कारण ती आजहि होते. मी त्यापूर्वीं शाळेचा आगफा क्लिक थ्री वापरीत असें. त्या काळ्या डब्यांत १२० क्रमांकाची कागदी पाठीची फिल्म बसे व तिच्यावर बारा चित्रें निघत. पाठीमागच्या तांबड्या खिडकींतून आंकडा दिसे, आणि तो आंकडा खुद्द फिल्मच्याच पाठीवर छापलेला असे. तो सरकला म्हणजे फिल्म सरकली. त्यांत शंकेला जागा नाहीं. ट्रिपवरचा आंकडाहि मीं तसाच मानला. परंतु ह्या कॅमेऱ्याचा आंकडा फिल्म मोजीत नाहीं, तो चाकाचे फेरे मोजतो. फिल्मचें शेपूट आंतील फिरकीच्या खांचेंतून निसटलेलें असलें तरी तो बिनदिक्कत एकापासून छत्तीसापर्यंत जातो. बार्नाकच्या चाकानें एक चूक अशक्य करून ठेवली होती, आणि मीं दुसरी शोधून काढली.

आबा त्याच माघांत गेले. त्यांचें म्हणून एकच चित्र माझ्यापाशीं आहे: गांवच्या शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभांत घेतलेला घोळका, त्यांत मागच्या रांगेंत दुसऱ्याच्या खांद्यामागून अर्धा चेहरा. कॅमेरा मीं म्यानांत घालून ट्रंकेंत ठेवला, तो चाळीस वर्षें तेथेंच होता. नातीनें विचारल्यावर लागलेले दोन दिवस ते हे.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही ओसरीवर बसलों. प्रथम तिला रिकामा कॅमेरा अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरून बटण दाबावयास सांगितलें. तांबडी जीभ आली. मग अंगणाकडे वळवून दाबलें, तेव्हां शटर उडालें. म्हणजे सेलेनियम अद्याप जिवंत होतें. जुना कॅमेरा घेणाऱ्यानें हीच परीक्षा करावी. हें द्रव्य वर्षानुवर्षें उन्हांत राहिलें तर निर्जीव होतें, आणि मग तें सहसां सुधारत नाहीं. आमचा ट्रंकेच्या अंधारांत राहिला म्हणूनच वांचला असावा. पाठीमागच्या दाराच्या खोबणींतील काळा स्पंज मात्र विरघळून डांबर झाला होता. तो राहिला असता तर उजेड आंत शिरून चित्रांवर पट्टे आले असते. तो कोरून काढून तेथें काळी लोकर चिकटविली. ज्यांच्या कॅमेऱ्यांत बॅटरी लागते त्यांना निराळी अडचण येते: त्या काळच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या विषारी म्हणून आतां निघत नाहींत, आणि दुसरी बॅटरी घातली तर मापकाचें माप चुकूं शकतें.

ज्याचा मापक मेला असेल त्यानेंहि निराश होऊं नये, मात्र त्याच्या कॅमेऱ्यावर वेग आणि छिद्र हातानें लावतां आलें पाहिजे. लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावें आणि वेग फिल्मच्या आंकड्याइतका: १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा जवळचा जो मिळेल तो. ढगांत छिद्र एक-दोन घरें अधिक उघडावें. अंतराविषयींहि घाबरावयास नको. ४० मिलिमीटरचें भिंग, छिद्र ८, अंतर तीन मीटर, एवढें लावून ठेवलें कीं सुमारें दोन मीटरपासून पांच मीटरपर्यंत सर्व कांहीं पुरेसें स्पष्ट येतें. घरगुती चित्रांचें जग बहुतेक ह्या तीन मीटरांतच असतें.

मग फिल्म. डबी डाव्या बाजूस बसविली. शेपूट उजवीकडे ओढून फिरकीच्या खांचेंत घातलें, चाक जरासें फिरवून दांत्यांनीं भोकें दोन्ही कडांना धरलीं आहेत हें पाहिलें, आणि मगच दार लावलें. आतां मुख्य गोष्ट. फिल्म परत गुंडाळावयाची वरची छोटी मूठ बाणाच्या दिशेनें अलगद फिरवून डबींतील सैलपणा काढावा. फिल्म ताठ झाली कीं मूठ अडते, तेथें थांबावें. नंतर पुढचें चाक फिरवितांना डोळा त्या मुठीवर ठेवावा. फिल्म खरोखर सरकत असेल तर ती मूठ आपोआप उलटी फिरते. ती स्थिर राहिली तर आंकडा कांहींहि सांगो, आंत कांहीं घडत नाहीं.

मीं हें तिच्याकडून तीन वेळां करविलें. तिसऱ्या वेळीं ती कंटाळून म्हणाली, "आजोबा, कळलं हो. एवढं काय त्यांत?" तेव्हां मीं तिला पाडव्याची गोष्ट सांगितली. ती पूर्वीं घरांत कोणालाच सांगितलेली नव्हती. तिच्या आजीलाहि फिल्म खराब निघाली एवढेंच ठाऊक होतें. नात कांहीं बोलली नाहीं. तिनें कॅमेरा उचलला, मला अंगणांत सर्जाच्या गोठ्याच्या जागेपाशीं उभें केलें, तीन मीटर पावलांनीं मोजले आणि घोळक्याच्या चिन्हावर कडें आणलें. खटका वाजला. चाक फिरवितांना मान खालीं घालून ती मुठीकडेच पाहत होती.

"फिरली का?" मीं विचारलें.

"फिरली."

जातांना ती कॅमेरा पुण्यास घेऊन गेली. फिल्म संपली कीं तळाचें बटण दाबून ती सगळी डबींत गुंडाळल्याखेरीज दार उघडूं नकोस, हें मीं तिला दारापर्यंत जाऊन दोनदां बजाविलें. हें भाषण लिहीत असतां तिचा टेलिफोन आला होता. सत्तावीस झाले आहेत, नऊ शिल्लक आहेत.